वाया जाऊ नयेत म्हणून

“अहो नोगामीसाहेब, ऐकलं हो, ऐकलं!” ताकेबेकाकू ट्रामच्या पार दुसऱ्या टोकाकडून म्हणाल्या, आणि ओल्या छत्र्या, रबरी बूट, कुणाकुणाच्या पिशव्या ओलांडत त्याच्यापर्यंत येऊन पोचल्याच. शेजारीण. माशाच्या वड्यांचं दुकान चालवतात, त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमत नाही. “पोरीनं नाव काढलं हो गल्लीचं! एवढे मार्क! आता काही तिला इथल्या विद्यापीठात घालणार नाही ना? वाया जातील की!” दोघातिघांनी माना वळवून पाहिलं. आणि नोगामी हसून म्हणाला, “छे छे, इथं कसं घालीन?” काकू पुढच्या थांब्यावर उतरून गेल्या. दार मिटलं, ट्राम हलली, आणि मग कुठं त्याला आपलंच वाक्य ऐकू आलं.

कोण बोललं हे? त्यानं उगीचच शेजारी पाहिलं. शेजारी एक म्हातारा पेंगत होता. नोगामीनं हातमोजे काढले, पुन्हा घातले. आज सकाळीच, म्हणजे याच तोंडानं, त्यानं चिगुसाला सांगितलं होतं, “तू म्हणशील तसं. सर काहीही म्हणोत.” तिनं चॉपस्टिक खाली ठेवल्या होत्या आणि विचारलं होतं, “नक्की ना, बाबा?” आणि तो म्हणाला होता, “नक्की म्हणजे नक्की.” त्यावर ती हसली होती, लहानपणी हसायची तशी, नाक वर करून. आणि आता तो त्याच कामासाठी शाळेत निघाला होता. सर, मुलगी आणि बाप अशी तिघांची बैठक. एकच विद्यापीठ ठरवायचं, कारण सगळ्या देशाची एकच पहिली परीक्षा झाली, की सरकारी विद्यापीठांची आपापली दुसरी परीक्षा देशभर एकाच दिवशी असते. एका दिवशी माणूस दोन ठिकाणी कसा बसणार? एकदा ठरलं की ठरलं. चिगुसाचं ठरलेलंच होतं, कित्येक वर्षांपासून. तिला इथं, तोयामातच, याच ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरच्या विद्यापीठात जायचं होतं. आणि तिचा बाप भर ट्राममध्ये ‘छे छे’ म्हणून मोकळा झाला होता.

बाहेर बर्फ पडत होता. रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या नळ्यांतून कोमट पाणी उडत होतं आणि पडता बर्फ तिथल्या तिथं विरघळवत होतं. त्या पाण्यातल्या लोखंडानं या शहराचे रस्ते तांबूस झालेले आहेत. बाहेरगावचे लोक पहिल्यांदा पाहतात तेव्हा दचकतात. नोगामीला ते दिसतही नाही. त्याला दिसतात आकडे. काय करणार, धंदाच तो! स्टेशनजवळच्या प्रवेशपरीक्षांच्या क्लासमध्ये त्याच्या टेबलामागे एक भलामोठा तक्ता टांगलेला आहे. देशातली सगळी सरकारी विद्यापीठं त्यावर वरपासून खालपर्यंत लावलेली, प्रत्येकापुढं आकडा: किती मार्कांना दार उघडतं, किती येतात, किती परत जातात. वर ती सात, सम्राटाच्या काळात उभारलेली. त्यांच्या खाली मोठ्या शहरांची. मग बंदरांची. मग प्रांतांची, एकेका प्रांताला एकेक. आया येतात, ओल्या छत्र्या दाराशी ठेवतात आणि तक्त्याकडे बघून विचारतात, “यातलं भारी कुठलं हो?” नोगामी समजावतो. अमक्यापेक्षा तमकं दीड बोट वर. याचं नाव मोठं पण दार सैल. त्याचं नाव कुणाला माहीत नाही पण शिरणं महाकठीण. शांतपणे, न थकता सांगतो. लोक त्याला देवमाणूस म्हणतात. सवय इतकी झालेली की दाताच्या डॉक्टरकडे गेला तरी भिंतीवरची पदवी आधी वाचतो, आणि डॉक्टरला मनातल्या मनात तक्त्यावर बसवूनच तोंड उघडतो.

आणि ते शेवटच्या थांब्यावरचं? ते तक्त्यावर खालच्या बाजूला होतं. अगदी तळाला नव्हे, पण नजर खाली न्यावी लागते. अशा विद्यापीठांना एक जुना टोमणा आहे: गाडी ज्या ज्या स्टेशनात थांबते आणि फलाटावर जेवणाचा डबा विकायला येतो, त्या त्या गावी एकेक विद्यापीठ. स्टेशनडब्याची विद्यापीठं! दुसऱ्या गावच्या लोकांना हा टोमणा कदाचित हसण्यावारी नेता येत असेल. पण तोयामाच्या स्टेशनातला डबा देशभर प्रसिद्ध. भातावर दाबून बसवलेला गुलाबी ट्राउट मासा, वर बांबूचं पान. इथल्या माणसाला तो टोमणा ऐकला की आधी भूक लागते आणि मग अपमान होतो. नोगामी त्याच डब्याच्या विद्यापीठातून शिकलेला. हे तो आयांना सांगत नाही. लपवत नाही, पण सांगत नाही.

ती परीक्षा. तो सोमवार. तेव्हा तो चिगुसाच्याच वयाचा होता. शनिवारी-रविवारी सगळ्या देशाची एकच परीक्षा झाली होती, आणि सोमवारी सकाळी वर्गात प्रत्येकाच्या बाकावर वर्तमानपत्र, त्यात छापलेली उत्तरं, आणि एक लाल पेन्सिल. खरे मार्क सरकार कुणाला सांगत नसे. तुम्ही परीक्षेत काय उत्तर लिहिलं ते प्रश्नपत्रिकेवर खूण करून घरी आणायचं, सोमवारी आपलं आपणच तपासायचं, आपणच बेरीज करायची, आणि त्या बेरजेच्या भरवशावर आयुष्याचं ठरवायचं. आजही तसंच आहे. फरक एवढाच की आता सगळं आटोपल्यावर खरे मार्क कळतात. तेव्हा कधीच कळत नसत. वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज होता. कुणीतरी रडत होतं, कोण ते मान वर करून पाहायची कुणाची हिंमत नव्हती. नोगामीनं गणिताचं शेवटचं पान उलटलं आणि पान कोरं. एकही खूण नाही. वेळ संपत आली होती, घाईत त्यानं उत्तरं सरळ उत्तरपत्रिकेवर भरली होती. काय भरली होती? त्यानं डोळे मिटले. बोटं आठवत होती, पेन्सिलीचं टोक आठवत होतं, समोरच्या मुलाच्या मानेवरचा तीळ आठवत होता. आकडे आठवत नव्हते. त्यानं हात वर केला. सर आले, पान पाहिलं, म्हणाले, “आठवत नसेल तर चूक धर बाबा. आशेवर बेरीज करू नये.” त्यानं चूक धरलं. सगळं पान. आणि क्योतो हुकलं, वरच्या सातांतलं. थोडक्यात हुकलं, कागदावर हुकलं, स्वतःच्याच हातानं हुकलं.

मागच्या बाकावर उत्सुमी. त्याचंही पान कोरं होतं! दोघं घाबरून एकाच वेळी शेवटच्या पानावर पोचले होते बहुधा. उत्सुमीनं हात वर केला नाही. त्यानं सगळं बरोबर धरलं, लाल पेन्सिल कानावर खोचली आणि खिडकीबाहेर बघत बसला. आणि गेला की क्योतोला! उत्सुमीचं खरंच बरोबर होतं का, नोगामीचं खरंच चूक होतं का, हे आता कुणालाही कधी कळायचं नाही. या एका गोष्टीपाशी नोगामी दर वर्षी जानेवारीत येऊन उभा राहतो. गंमत अशी की तो उत्सुमी पदवी घेऊन परत आला, सासऱ्याच्या दुकानात बसला, आणि आज स्टेशनसमोर भातावर मासा दाबतो. क्योतोची पदवी आणि डबे भरतो! नोगामी त्या दुकानावरून जाताना रस्ता बदलतो. एकदा समोरासमोर आला तेव्हा उत्सुमी म्हणाला, “अरे, ये की कधी. तुझ्या आवडीचा डबा बांधून देतो, तिखट मोहरीवाला.” एवढंच. क्योतोचा ‘क’सुद्धा काढला नाही. नोगामीला तेव्हा त्याचा इतका राग आला होता की रात्रभर पोट दुखलं. ज्याला मिळालं त्यानं निदान मिरवायला तरी नको का?

शाळेचा थांबा आला. तो उतरला, फाटकापाशी थबकला. फाटकावर फळा: गेल्या वर्षी कुठल्या विद्यापीठात किती मुलं गेली. वरच्या सातांतली नावं मोठ्या अक्षरांत, बाकीची लहान. इथल्या विद्यापीठाचं नाव बाकीच्यांत, आकडा सगळ्यांत मोठा, अक्षर सगळ्यांत बारीक. चिगुसा जिन्याशी उभी होती, गळ्यात लाल मफलर. “उशीर केलात,” ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावरचा बर्फ झटकला. झटकता झटकता तळहातावरचा एक कण तिनं डोळ्यांजवळ नेला आणि पाहिला. ही तिची लहानपणापासूनची खोड. दाराशी साठलेल्या बर्फात फूटपट्टी घालून उभा काप घ्यायची आणि आजूबाजूच्या पोरांना दाखवायची: हा थर परवाचा, हा मधला कडक म्हणजे त्या दिवशी ऊन पडलं होतं, हा मळका म्हणजे वारा समुद्रापलीकडून आला. पोरं तिच्या पाठीत बर्फाचे गोळे मारून पळून जायची. ती तिथंच बसलेली असायची. इथल्या विद्यापीठात एक बाई आहेत, दर वसंतात डोंगरावर जाऊन बर्फात घराएवढा खोल खड्डा खणतात आणि आख्ख्या हिवाळ्याचे थर वाचतात. चिगुसाला त्यांच्या हाताखाली खड्डा खणायचा होता. दुसरं काही नाही.

काल संध्याकाळी जेवताना हेच निघालं होतं. बुरी मासा आणि मुळा शिजत होता, घरभर वास. नोगामीनं सहज म्हणावं तसं म्हटलं होतं, “क्योतोलाही असेल की बर्फाचं काहीतरी.” चिगुसा म्हणाली, “क्योतोला बर्फ पडला तर लोक फोटो काढतात, बाबा.” सातोए, त्याची बायको, खदखदून हसली. त्याला हसू आलं नाही. “तसं नाही गं. तिथून पुढं काहीही होता येतं.” “मला काहीही नाही व्हायचंय,” ती म्हणाली, “हेच व्हायचंय.” सातोएनं त्याच्या ताटात मुळ्याची फोड वाढली आणि म्हणाली, “अहो, आपण दोघं शिकलोच की तिथं. काय वाईट झालं?” आणि नोगामीनं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “आपली गोष्ट वेगळी होती.” सातोएचा डाव हवेत थांबला. ती पहिल्या वर्षापासून मनानं तिथली. त्याच विद्यापीठाच्या खाणावळीत त्यांची ओळख. “आपली नाही, तुमची,” ती म्हणाली. “मी तिथं शिकले. तुम्ही तिथं नुसते थांबला होतात, गाडीची वाट बघत बसल्यासारखे. वर्षभर मी तुमच्या पाठीशीच बोलत होते की!” तिनं हे हसत म्हटलं होतं. ती असलं सगळं हसतच म्हणते, म्हणून त्यानं ते आत्तापर्यंत मनावर घेतलं नव्हतं.

वर्गात चार बाकं जोडून टेबल केलेलं, कोपऱ्यात शेगडी. कुरेबायाशी सर उठून वाकले. तरुण, सज्जन माणूस, डोळ्यांखाली काळं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असल्याच बैठका. “मुलीनं कमाल केली,” ते म्हणाले. “आणि प्रश्नपत्रिकेवर एकेक खूण इतकी स्वच्छ! आपलीच शिकवण असणार.” ती खरंच नोगामीचीच शिकवण होती. लहानपणापासून त्यानं तिला दुसरं काही शिकवलं नसेल एवढं हे शिकवलं होतं: खूण कर, आधी खूण कर, पान कोरं ठेवू नकोस. सरांनी कागद पुढं सरकवला: या मार्कांवर कुठं प्रवेशाची किती शक्यता, त्याचे शेरे. क्योतोपुढं चांगला शेरा. अगदी निर्धास्त नव्हे, पण चांगला. इथल्या विद्यापीठापुढं तर विचारायलाच नको. “मी आग्रह करत नाही हं,” सर म्हणाले, “पण इतके मार्क घेऊन इथं जायचं म्हणजे... वाया घालवल्यासारखं होईल. पाच-सहा वर्षांत आमच्याकडून क्योतोला कुणी गेलं नाही. मुलांना बळ येतं अशानं. अर्थात, चिगुसा, तुझ्या मनात काय आहे?” चिगुसा म्हणाली, “इथलंच, सर.” स्पष्ट म्हणाली. आणि मग तिनं बापाकडे पाहिलं. आता त्याची पाळी होती. सकाळी ठरल्याप्रमाणे त्यानं फक्त ‘तिचं आहे तेच माझं’ म्हणायचं होतं. चार शब्द. शेगडीवरच्या किटलीत पाणी गुणगुणत होतं.

नोगामीला ते शब्द दिसत होते. त्यानं तोंड उघडलंही. पण समोर तो कागद होता, आणि कागदावर क्योतोपुढं तो शेरा. त्याच्या नावापुढं जो कधी आला नाही तो, त्याच्या मुलीच्या नावापुढं, काळ्या शाईत. तो शेरा तिला नको होता! रस्त्यात सापडलेलं पाकीट कुणीतरी न उघडता परत करावं तसं ती ते परत करत होती. त्यानं कागद आपल्याकडे ओढला. राग होता तो, दुसरं काही नव्हे. एवढ्याशा पोरीचा राग आला त्याला. आणि तो म्हणाला, “सरांचं बरोबर आहे. माझं एवढंच म्हणणं, की वाया जाऊ नयेत.” स्वतःचा आवाज त्याला क्लासमधला वाटला, आयांशी बोलतानाचा, देवमाणसाचा. सरांनी सुटकेचा श्वास सोडला. चिगुसानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिला रडू येईल असं त्याला वाटलं, ती चिडेल असं वाटलं; दोन्हीची त्यानं तयारी केली. तिनं मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं आणि अगदी हळू, खरोखरच माहीत नसल्यासारखं विचारलं, “मग बाबा, तुम्ही वाया गेलात का?”

सर कागद जुळवू लागले. एकावर एक, एकावर एक, कडा सारख्या करत राहिले. नोगामीला ‘नाही’ म्हणायचं होतं. कुणीही बाप ‘नाही’च म्हणाला असता, हसून, ‘काहीतरीच काय विचारतेस’ म्हणून. त्याच्या घशात ते ‘नाही’ आलंही होतं. पण ते बाहेर येईना, आणि जितका वेळ ते येईना तितकं त्याचं मोल कमी होत चाललं, आणि मग आलं असतं तरी कुणी धरलं नसतं. “आणि आई?” चिगुसानं विचारलं. सर म्हणाले, “असं करू. आजची रात्र विचार करा. मला उद्यापर्यंत कळवा. फोन केला तरी चालेल.” तिघंही उठले, तिघंही वाकले. नोगामी सरांपेक्षा जरा जास्तच खाली वाकला आणि तसाच थोडा वेळ राहिला, कारण वर आल्यावर कुणाकडे बघायचं ते त्याला कळत नव्हतं.

परतीची ट्राम मोकळी होती. बापलेक शेजारी बसले, मधे तिचं दप्तर. खिडकीवर वाफ धरली होती. नोगामी मनात उत्तरं जुळवत होता. वाया जाणं म्हणजे काय, यावर अवलंबून आहे. संसार झाला, तू झालीस, मग वाया कसा गेलो? हे सगळं खरंच होतं आणि यातलं एकही उत्तर तिच्या प्रश्नाचं नव्हतं. तिनं फक्त एवढं विचारलं होतं: ज्या दारातून मला हौसेनं आत जायचंय, त्या दारातून आत गेलेल्या माणसाचं काय झालं? तक्ता लावणाऱ्या माणसाला एका विद्यापीठाचं खरंखुरं सांगता येऊ नये? देशातल्या सगळ्या विद्यापीठांची दारं त्याला पाठ होती. आतलं त्याला फक्त एकाचंच माहीत असायला हवं होतं. त्यानं आठवू पाहिलं. चार वर्षं. काय आठवतंय? पहिल्या वर्षी दप्तरात तळाशी क्योतोच्या परीक्षेची पुस्तकं, वरून वर्तमानपत्र गुंडाळलेली. नावाला इथं, मनानं पुन्हा परीक्षेला बसायची तयारी. मुखवटा घालून शिकणारी म्हणतात अशा पोरांना. कुणाशी ओळख वाढवायची नाही, कारण वर्षभरात निघायचंच आहे. मग अर्ज भरायची वेळ आली तेव्हा भरलाच नाही. भीती वाटली, या खेपेला बसून खरोखरच नापास झालो तर कोऱ्या पानाचा आधारही राहणार नाही. आणि मुखवटा मात्र तसाच राहून गेला. खाणावळीत तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. कुणीतरी मुलगी पाठीमागून म्हणाली होती, “अहो, इकडं तोंड करा की जरा, मीठ हवंय.” ती सातोए.

घराचा थांबा आला. चिगुसा दप्तर उचलून उभी राहिली. नोगामी उठला नाही. “बाबा?” “बस जरा,” तो म्हणाला, “शेवटपर्यंत जाऊ.” ती त्याच्या तोंडाकडे बघत पुन्हा बसली. शेवटच्या थांब्यावर ते दोघंच उतरले. समोर विद्यापीठाचं फाटक, आत झाडांवर बर्फ, बर्फातून वाट काढत सायकली ढकलत चाललेली पोरं. इतकी वर्षं ट्रामच्या कपाळावर या थांब्याचं नाव वाचून तो रोज चढत होता, पण पदवी घेतल्यानंतर इथवर आला नव्हता. कामच पडलं नाही, असं तो म्हणत असे. “चल,” तो म्हणाला, “मी बसायचो तो वर्ग दाखवतो तुला.” आणि तरातरा पुढं निघाला, वाट दाखवणारा माणूस निघतो तसा.

डावीकडची इमारत असेल म्हणून तो गेला, ती ग्रंथालय निघाली. मग उजवीकडे. तिथं सायकलींचं शेड. हे नवं झालेलं दिसतंय, तो म्हणाला. शेडचे खांब गंजून गेलेले होते. पुन्हा मागं. बुटांत बर्फ गेला. एका दाराशी थांबून त्यानं इमारतीचं नाव वाचलं, वर पाहिलं, खिडक्या मोजल्यासारखं केलं. काही म्हणजे काही आठवेना. “बाबा,” चिगुसा हलकेच म्हणाली, “तुम्ही शिकलात ती गणिताची इमारत ही नव्हे. तळ्याच्या पलीकडे आहे. जुनीच आहे ती, बदललेली नाही.” “तुला काय माहीत?” “मी दर उन्हाळ्यात येते ना, मुलांना बघू देतात तेव्हा.” ती पुढं झाली. आणि तो मुकाट्यानं तिच्या पावलांत पावलं टाकत चालू लागला. तिनं तळं दाखवलं. तळं होतं हेच त्याला माहीत नव्हतं. या बाकावर त्या खड्डेवाल्या बाई जेवतात, पाऊस नसेल तर. या तळघरात बर्फाच्या लाद्या ठेवतात, बारा महिने. मागच्या खिडकीला कान लावला की यंत्राची घरघर येते, ऐका. त्यानं कान लावला. खरंच येत होती. गार काचेला कान लावून तो उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं, हे सगळं इथं होतं. मी असतानाही होतं. हे तळं, ही घरघर, असली कुणीतरी बाई, शेजारी बसायला कुणीतरी. तक्त्यावर ते खाली होतं एवढं बघायला मी शिकलो, आणि बाकी काही म्हणजे काहीच बघितलं नाही.

खाणावळ मात्र त्याला सापडली; वासानं सापडली. सागरी शेवाळाच्या कढणाचा वास बदलला नव्हता. चिगुसानं दोन वाडगे जाड शेवया घेतल्या. तो ताट घेऊन सवयीनं कोपऱ्यात गेला, भिंतीकडे तोंड करून बसला आणि समोर भिंत बघून स्वतःच चमकला. मग उठला, ताट उचललं, वळसा घालून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आला आणि भिंतीला पाठ लावून बसला. चिगुसा त्याच्या समोर. तिच्या मागं सगळी खाणावळ: ओली डोकी, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, दोन पोरी एका वाडग्यात खात होत्या, एक मुलगा झोपला होता आणि त्याच्या कानात कुणी तरी कागदाची सुरळी फिरवत होतं. नोगामी बघत राहिला. शेवया गार होत चालल्या.

“तू विचारलंस ना मघाशी,” तो म्हणाला.

“जाऊ दे, बाबा. मी उगीच बोलले. सरांसमोर नको होतं बोलायला.”

“हो, गेलो,” तो म्हणाला. “थोडाफार गेलो वाया. पण इथं आलो म्हणून नाही गेलो. इथं आलो आणि तोंड तिकडंच ठेवलं, म्हणून गेलो.” त्यानं वाडगा उचलला, कढण प्यायला, जीभ भाजली नाही याचंच त्याला आश्चर्य वाटलं. “तुझी आई नाही हं गेली. ती शिकली इथं. तिला विचार, ती सगळं सांगेल. तळंसुद्धा तिला माहीत असणार.”

“आईनंच दाखवलं मला तळं,” चिगुसा म्हणाली. “मी दुसरीत होते तेव्हा. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

नोगामीनं मान हलवली. इतकी वर्षं त्या दोघी त्याच्या पाठीमागं इथं येत होत्या, आणि त्याचं मन दुखू नये म्हणून ट्राममधून घरी परत जाताना दुसऱ्याच कशावर तरी बोलत होत्या. त्यानं खिशातून फोन काढला. त्याची बोटं थंडीनं आखडली होती, दोनदा चुकीचं दाबलं गेलं. चिगुसा शेवया खायची थांबली.

“सर, नोगामी बोलतोय. हो, आत्ताच. विचार झाला. इथलंच.” पलीकडून सर काहीतरी बोलत होते, समजावत होते, अगदी सज्जनपणे; गोंगाटात नोगामीला अर्धंच ऐकू येत होतं, पण तो एक शब्द त्याला गोंगाटातही ऐकू आला. मग तो मोठ्यानं, ताकेबेकाकूंसारखा, आजूबाजूची दोनचार ओली डोकी वळतील इतक्या मोठ्यानं म्हणाला, “मार्क ना, सर? जाऊ देत की वाया!”

चिगुसानं मान खाली घातली आणि भराभरा खायला लागली. तिच्या मफलरचं टोक कढणात पडलं होतं, ते तिनं काढलं नाही.